कंदील जळत होता

६ मार्च १९३८
विहिरीचं पाणी खाली गेलं. पंप ठरावीक उंचीच्या पलीकडे पाणी ओढत नाही, मालक कितीही मोठा असो. म्हणजे इंजनाने पाण्याच्या मागोमाग खाली जायचं. आज नेलं. बापू पाटलाच्या विहिरीतला खालचा टप्पा गेल्या उन्हाळ्यात मीच आखून कोरून घेतला होता, त्यावर अलगद बसवलं. मोटेच्या जुन्या चाकावरून दोर, वर आठ माणसं. एक ओरखडा नाही.

बापू काठावरून म्हणे, "नाना, इंजनले बी तहान लागनी का रे?" सगळे हसले. मीही.

धुराचा नळ सांधत सांधत काठाच्या वर पुरुषभर नेला. धूर मोकळ्या हवेत. हा नळ आणि पाण्याचा नळ, दोन्ही मी एकाच मापाचे, एकाच आट्याचे घेतले आहेत. नंदुरबारच्या दुकानदाराने दोन तऱ्हेचे दिले होते, परत पाठवले. कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला बसला पाहिजे.

९ मार्च
बापूने ज्वारीचं जमिनीतलं पेव उघडलं. पेव उघडताना मी जवळ असलो पाहिजे हा त्याचा जुना हट्ट. तोंडावरची माती नि फळ्या काढल्या, दिवसभर तसंच उघडं राहू दिलं, मग दोराला कंदील बांधून सोडला. निम्म्यात विझला. बापूने कोणाला पाय टाकू दिला नाही. लिंबाचे डहाळे दोराला बांधून वरखाली, वरखाली. उन्हं उतरताना कंदील तळापर्यंत जळता गेला, तेव्हा माणूस उतरला. त्याच्या आजापासूनची रीत. पेवाच्या कामी बापूइतका जपणारा गावात दुसरा नाही.

तिथेच भाकरी खाल्ली. म्हटलं, बापू, एक ध्यानात ठेव. पेवातली हवा आधी दिव्याला मारते, मग माणसाला. इंजनाच्या धुराचं तसं नाही. तो दिव्याला हात लावत नाही, माणसाला मारतो. इंजनाच्या गुजराती पुस्तकात आहे. (गुजराती अक्षरं मी चाळिशीत शिकलो ती या पुस्तकापायी. मास्तर ठेवला नाही.) आणि कापसाच्या जिनात कामाला असताना डोळ्यांनी पाहिलंय. बंद खोलीत इंजनाशेजारी निजलेला माणूस सकाळी उठला नाही, उशाची चिमणी जळतच होती.

बापू: "तुन्हं इंजननं बठ्ठं उलटंच शे." मग, "ध्यानमा शे, ध्यानमा शे." दोनदा म्हणाला.

१८ मार्च
वेस्ता हाताखाली चांगला तयार होतोय. मोलगीच्या पलीकडल्या डोंगरातला. तो आणि धाकटा भाऊ दित्या, दोघे बापूकडे सालदार. वर्षाच्या बोलीचं साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, भरतं.

इंजनाला ‘डोसी’ म्हणतो. म्हातारी. वर नळातून धूर निघाला की, "नाना, डोसी बिडी ओढी ऱ्हायनी." मी हसलो नाही, पण खूण चांगली म्हणून तीच धरली. सांगितलं, डोसी वर बिडी ओढताना दिसली तरच तेल द्यायला खाली उतरायचं. बिडी दिसत नसेल तर तुझा बाप सांगो की मालक सांगो, उतरायचं नाही. त्याच्या तोंडून म्हणवून घेतलं. दित्यालाही ऐकवलं.

उतरताना गातो. आवाज घुमतो म्हणून. पायऱ्यांकडे बघ म्हटलं तर म्हणे, पायऱ्या पायांना माहीत आहेत.

२९ मार्च
बापूने नाल्यापलीकडे नवा ऊस लावला. मला न विचारता. आता म्हणतो पाणी पोचव. नळ कमी पडतो. म्हटलं नंदुरबारहून तुकडे आणवतो, थोडे दिवस लागतील.

"तवपावत ऊस वाळी जाई, नाना."

नाही वाळत, म्हटलं. लावण जोराची आहे. उद्या मला कळसाडीस जाणे, तिथल्या इंजनाचा पिस्टन अडकलाय. आलो की तुझंच काम.

"जाय, जाय. तुले काय, गावेगाव मान शे."

७ एप्रिल
लिहिणार नव्हतो. पण कशामागून काय झालं ते पुसट होण्याआधी लिहून ठेवलं पाहिजे.

काल कळसाडीहून बैलगाडीने परत. गावाच्या अलीकडे इंजन ऐकू आलं. आवाज खोल. धूर वर सुटत असला की फट् फट् कोरडं, सुटं येतं. हे घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं येत होतं. गाडीतून उडी टाकली नि धावलो.

वर नळ नाही. काठावर बापू, दित्या, आणखी दोघे. दोराला कंदील खाली सोडलेला. जळत होता. वेस्ता टप्प्यावर, इंजनाला टेकून. हात तेलाच्या डब्यावर. निजल्यासारखा.

दित्या उतरायला निघालेला. मी मागून कवेत धरला. तो माझ्या मनगटाला चावला. सोडला नाही. त्या दोघांच्या ताब्यात दिला. घासलेटची टाकी वर काठावर असते, तिची चकली बंद केली. चकली बंद झाल्यावर इंजन थांबायला किती वेळ घेतं ते काल कळलं.

मग डहाळे. पेवात करतो तसे, वरखाली. दित्या ओरडत होता, "कंदील जळी ऱ्हायना! मन्हा भाऊ मरी ऱ्हायना! सोड माले!" बापू उभा. नुसता उभा.

धूर निघाल्याची खात्री वाटल्यावर कमरेला दोर बांधून मी उतरलो. तरीही कानशिलं ठणकली. वेस्ताला दोराने वर दिला. अंग गरम. ओठ लाल, गाल लाल, नुकताच हसून थांबल्यासारखा. श्वास नाही.

नळ कुठे, विचारलं. एकाने नाल्याकडे पाहिलं. स्वतः गेलो. नाल्यावर. धुराच्या नळाचे सगळे तुकडे पाण्याच्या नळाला जोडून नव्या उसापर्यंत नेलेले. कुठे थेंब गळत नव्हता. आटे एक ना. अगदी बरोबर बसले होते.

८ एप्रिल
पंचनामा. पोलीस पाटील म्हणजे बापूचे सख्खे काका.

बापूचा जबाब: मयत मोहाची पिऊन होता, तोंड लाल होतं ते सर्वांनी पाहिलं. कंदील सोडून पाहिला, जळाला, म्हणून उतरवला. तशी रीत इंजन बसवताना मिस्तरीनेच सांगून ठेवलेली. भाऊ वाचवायला उतरत होता, त्याला मिस्तरीने धरून ठेवला.

"नही ते वेस्ता वाची जाता."

असं म्हणाला. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून. माझ्याकडे न बघता. लहानपणापासून खोटं बोलताना डाव्या पायाचा अंगठा जमिनीत दाबतो, तसा दाबत होता.

मी म्हटलं, नळाचं लिहा.

काका: "कोनता नळ?"

म्हटलं, नाल्यावरचा.

"तो ते पानीना नळ शे. त्यामा पानी जास. लिखानं काय त्यामा?"

सही केली नाही. येताना विहिरीत उतरून इंजनाचा प्लग काढला, फडक्यात गुंडाळून खिशात टाकला. प्लगावाचून डोसी खोकणारसुद्धा नाही. धुराचा नळ परत चढल्याशिवाय तिथे कोणी उतरणार नाही, एवढं तरी माझ्या हातात.

११ एप्रिल
बापू घरी आला. गुळाची भेली घेऊन. बाजेवर बसला नाही, उंबऱ्याजवळच टेकला.

"सही करी दे, नाना. तुन्ही सही नही ते कागद अडकी ऱ्हायना."

म्हटलं, पेवाजवळ तू दोनदा ‘ध्यानमा शे’ म्हणालास.

"म्हनेल व्हतं ना. ध्यानमा बी व्हतं." अगदी सरळ सांगितलं. "पन ऊस वाळी ऱ्हायंता. दोन-चार दिवसनी बात व्हती. तू उना का नळ परत चढाई देतू."

हेच चार लोकांत सांग.

"तठे कसं सांगू? मन्हं घर बसी जाई. तुन्हं काय जास? मिस्तरी चुकना, इतलंच. मिस्तरी चुकतस."

  चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलं आम्ही. बाप गेला तेव्हा मी जिनात गेलो, तो शेतावर. वीस वर्षांनी त्यानेच बोलावून घेतलं, म्हणे गावात इंजन आणायचं तर तुझ्या हातचं. काठावर नारळ फोडला तो माझ्या हातून फोडवला. आणि आता मिस्तरी चुकतात.

प्लग मागितला. दिला नाही. नळ चढव, मग देतो.

सौ.ने भेली उचलून त्याच्या गाडीत नेऊन ठेवली. तो गेल्यावर मला म्हणे, "एक ताटमा जेवेत ना तुमी दोन्ही? आते ते ताट राखवरी घासा."

१४ एप्रिल
दित्या आला. अंगणाच्या कडेला उभा. आत ये म्हटलं, आला नाही. माझ्या मनगटाकडे बघत होता, जखम अजून ओली आहे.

त्याच्याकडून कळलं ते असं. त्या दिवशी सकाळपासून इंजन चालू. उन्हं तापल्यावर तेलाची वेळ झाली, तेव्हा वेस्ताने वर पाहिलं नि म्हणाला, "बापू, डोसी बिडी ओढत नही." बापू हसला. स्वतःच्या हाताने कंदील सोडला. "जळस ना? मंग उतर."

म्हणजे वेस्ताला माझं बोलणं आठवत होतं. आठवत असून उतरला. सालदार होता.

दित्याला म्हटलं, हे फौजदारासमोर सांगशील? हो म्हणाला. जाताना वळून:

"तू माले धरं काब्र?"

का धरलं ते सगळं सांगितलं. पेवाची हवा, इंजनाचा धूर, दिवा विझत नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पन कंदील जळत व्हता, नाना."

२० एप्रिल
फौजदार आले. कॅम्प दुसरीकडे, घाई. आंब्याखाली खुर्ची. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, नळ नाल्यावर नेऊन दाखवला. ते म्हणाले, "दिवा जळतो आणि माणूस मरतो, हे आम्ही कशावरून मानायचं?"

म्हटलं, दाखवतो. ही गोष्ट मी घरून ठरवूनच गेलो होतो. खुराडं, त्यात आमची तांबडी कोंबडी, शेजारी कंदील, एका दोराला. इंजन धुराच्या नळाशिवाय चालवायचं, खुराडं टप्प्यापर्यंत सोडायचं. कोंबडी मरेल, कंदील जळेल. सगळं गाव काठावर. प्लग लावला, इंजन चालू केलं, लगेच वर आलो. त्यांना विनंती केली, इंजन दुपारपर्यंत चालू द्या. त्या दिवशी ते सकाळपासून चालत होतं, धूर साठायला वेळ लागतो.

"दुपारपर्यंत? मला पुढे जायचंय."

त्यांचा चहा होईपर्यंत चालवलं. त्यात पश्चिमेचा वारा, विहिरीच्या तोंडावरून सपासप. धूर साठतोय कुठे. खुराडं वर ओढलं. कोंबडी बाहेर आली. पंख झाडले. ओरडली.

काठावर असं हसू उसळलं की फौजदारही हसले. कोणीतरी, "मिस्तरी, तुन्ही कोंबडी ते बापूनी साक्षीदार निंघनी!" बापू हसला नाही. मान खाली. त्याला माहीत आहे.

मी सांगत होतो, वारा, वेळ कमी. कोणी ऐकत नव्हतं. माझ्या बोलण्यात काही चूक नव्हती, अजूनही नाही. पण कोंबडी जिवंत होती.

मग दित्याला पुढे घेतलं. काय झालं सांग. तो माझ्याकडे बघतो, बापूकडे बघतो, कोंबडीकडे बघतो. म्हणाला, "कंदील जळत व्हता. माले मिस्तरीनी धरं." बिडीचं? काही नाही. बापूने स्वतः कंदील सोडला, उतर म्हणाला, ते? काही नाही.

मीच ओरडलो, दित्या, बिडीचं सांग! फौजदार म्हणाले, साक्षीदाराला पढवू नका.

प्लग परत काढायला उतरणार तर काकांनी वाट अडवली. "दुसराना माल शे तो." फौजदारही म्हणाले, इंजनाचा भाग मालकाकडे राहू द्या, नाहीतर चोरीत मोडेल. माझ्या हाताने लावलेला प्लग, माझ्या हाताने बसवलेल्या इंजनात, तसाच ठेवून आलो.

कागदावर शेवटी काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही.

२६ एप्रिल
कळसाडीहून निरोप, यायची तसदी नको, दुसरा मिस्तरी बघितला. बाजारात मागून, "कोंबडी मिस्तरी." वळून पाहिलं नाही. आवाज ओळखला, दोन वर्षांमागे त्याच्या उसाच्या चरकाचा दात मी बसवून दिला होता.

सौ. कोंबडीला दाणे टाकत म्हणे, "हिना काय दोष? तिले जगानं व्हतं."

बापूच्या मळ्यात आता पाय टाकणार नाही. कोणी बोलावो. सौ.समोर शपथ घेतली, इथेही लिहून ठेवतो.

नळ अजून नाल्यावरच आहे. रस्त्यावरून दिसतो.

३ मे
आखाजी. घरोघर माहेरवाशिणी, लिंबांना झोके, गाणी. गेलेल्या वडिलांच्या नावाने पाण्याची घागर भरली, वर पिकलं डांगर, खरबूज, ठेवलं. मग दुसरी एक लहान घागर होती ती भरली. सौ.ने विचारलं, ही कोणाची. वेस्ताची, म्हटलं. मला वाटलं बोलेल काही. तिने दुसरं डांगर आणून ठेवलं.

साल भरायचा नि नवं धरायचा दिवस. वाटलं होतं दित्या डोंगरात परत जाईल. दुपारी झोक्यावरून आलेल्या बायांकडून सौ.ला कळलं, दित्याने बापूकडेच साल धरलं. विडा घेतला. नुसतं सालही नाही. इंजनावर ठेवलाय. वेस्ताच्या जागी.

म्हणजे त्या दिवशी आंब्याखाली जे गिळलं ते यासाठी.

वेशीपाशी भेटला. नवा फेटा. मला टाळून जात होता, मीच आडवा गेलो. नळ वर चढवला का? बापू चढाई म्हने, म्हणाला. कधी? "नांगरटीनी घाई सरनी का." आणि तोवर? "कंदील हातमा लई उतर, इतलं सांगेल शे."

मी म्हटलं, दित्या, डोसीची बिडी बघ. बिडी नाही तर खाली नाही. कंदिलाकडे बघू नको. तुझ्या भावाने पाहिलं होतं.

"भाऊ बी हाईच म्हने," एवढं बोलून गेला. कळून बोलला की नुसताच, सांगता येत नाही.

मी काय करू शकतो अजून? त्या विहिरीत जे जे माझं होतं ते सगळं आता त्यांचं आहे. नळ, प्लग, माझं नाव. ज्याला कवेत धरला तोही.

४ मे, सकाळ
चहा झाला. दित्याचा कामाचा पहिला दिवस. मी ओट्यावर वही घेऊन बसलोय नि कान तिकडे. कबूल करतो.

इंजन सुरू झालं. नंदुरबारचा कोणी मिस्तरी येऊन ठोका जुळवून गेला असावा, बरोबर पडतोय. पण वारा उलटा आहे, नीट कळत नाही.

अजून चालू आहे. उन्हं अंगणात आली. सौ. विचारते, न्याहारी वाढू का. थांब म्हटलं.

वारा पडला. पान हलत नाही. त्या दिवशी, कोंबडीच्या दिवशी, हा असा वारा पडायला हवा होता.

आता स्वच्छ येतोय. फट् फट् नाही. घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. खोल.

तेलाची वेळ होत आली असेल.

सौ. दारात आली. तिलाही ऐकू येत असणार, इतकी वर्षं माझ्या घरात काढली. म्हणे, "शप्पथ लिधी व्हती ना तुमी?"

घेतली होती.

मग ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कंदील नव्हता. दोर होता.